दोन्या एर्मिनियाचा शनिवार

साहेबलोकहो, तुम्ही एका बाईचा शनिवार चोरला आहे! हो, तुम्हीच! तिकडे राजधानीत काचेच्या इमारतीत बसून फुटबॉल लीगचं वेळापत्रक आखणारे, समोर गार पाण्याच्या बाटल्या मांडून 'रविवारचा सामना शनिवारी घ्यावा' असं एका ओळीत फर्मान काढणारे तुम्ही! ती ओळ लिहायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं असेल. त्या शनिवारसाठी तेपालको गावच्या दोन्या एर्मिनियाने, म्हणजे आमच्या एर्मिनियाबाईने, एकोणीस वर्षं वाट पाहिली होती. आता काय झालं ते सगळं ऐका. मध्येच उठायचं नाही!

तेपालको हे कुंभारांचं गाव. संघाचं नावही आल्फारेरोस, म्हणजे कुंभारच. गावाचा जीव दोघांत अडकलेला: एक हा संघ आणि दुसरा निन्यितो. निन्यितो म्हणजे बाळ येशूची हातभर लाकडी मूर्ती. चारशे वर्षांची, पण गाल आजही नुकतंच दूध प्यायल्यासारखे. तो देवळात राहत नाही. त्याचा मुक्काम मायोर्दोमोच्या, म्हणजे त्याच्या कारभाऱ्याच्या घरी. रोज सकाळी तो एका घरी पाहुणा जातो, दिवसभर तिथे बसतो आणि दिवेलागणीच्या आत मिरवणुकीने परततो. रोज एकच घर. म्हणून नाव नोंदवायला लागतं. एर्मिनियाने नोंदवलं तेव्हा तिची मुलगी लुर्देस शाळेत जात होती. आता ती शिकागोत दोन पोरांची आई आहे, आणि एर्मिनियाचा नंबर आत्ता कुठे लागला होता. डिसेंबरचा दुसरा शनिवार!

जुलैत तिची कोमाद्रे ओतिलिया, म्हणजे लुर्देसची धर्ममाता आणि चौकातल्या पोसोलेच्या, म्हणजे मका-मांसाच्या रश्श्याच्या, दुकानाची मालकीण, तिला म्हणाली होती, "कोमाद्रे, डिसेंबर म्हणजे लिगियाचे दिवस. सामना आडवा आला तर?"

एर्मिनिया इतकी हसली, की हातातलं ओलं मडकं वाकडं झालं. "आल्फारेरोस आणि लिगिया? अगं, डिसेंबरपर्यंत ती पोरं घरी बसून आयांच्या शिव्या खात असतील! माझा शनिवार दगडासारखा पक्का आहे!"

तिचा नवरा दॉन फिदेन्सिओ भट्टीपाशी होता. त्याने टोपी काढली, छातीशी धरली आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, देव ऐकतो."

देवाने ऐकलं.

लिगिया म्हणजे मोसमाच्या शेवटची बाद फेरी. वरचे आठ संघ, प्रत्येक जोडीचे दोन सामने, दोन्हींतल्या गोलांची बेरीज, कमी पडेल तो घरी. आणि बेरीज सारखीच आली तर साखळीत वरच्या क्रमांकावर असलेला पुढे. हा शेवटचा नियम तेपालकोने काळजावर कोरून घेतला होता. चाळीस वर्षांत आल्फारेरोस चारदा लिगियात गेले, चारही वेळा आठवे म्हणून गेले आणि चारही वेळा बेरीज बरोबरीत सुटून बाहेर पडले! न हरता हरायची ही कला जगात दुसऱ्या कुणाला साधलेली नाही. दॉन फिदेन्सिओ या विषयातला गावचा प्रोफेसर. "बरोबरी म्हणजे बाहेर!" हे त्याचं वाक्य. बारशात तेच, मयतीत तेच. संघ बाहेर पडला की तो टीव्हीचं तोंड भिंतीकडे करायचा आणि पुढच्या मोसमापर्यंत सरळ करायचा नाही. "दुसऱ्याच्या लग्नात आपण कशाला नाचायचं?" सगळं गाव त्याचं बघून तसंच करायचं. थोडक्यात, अंतिम सामना कसा असतो ते तेपालकोत कुणी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. हे लक्षात ठेवा.

यंदाही आल्फारेरोस आठवेच आले. शेवटच्या दिवशी, शेवटच्या मिनिटाला, समोरच्याच्या बचावपटूच्या पाठीला लागून गेलेल्या गोलावर! उपांत्यपूर्व फेरीत पहिल्या क्रमांकाचा संघ. त्यांचा एकेक खेळाडू घोड्यासारखा. आपला कप्तान एवारिस्तो छत्तीस वर्षांचा, डाव्या गुडघ्याला एवढं फडकं गुंडाळलेलं की लांबून वाटावं, तिसरं मांडीचं हाड आहे. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत बेरीज बरोबरीत. फिदेन्सिओने टीव्ही फिरवायला हात लावलाच होता, तेवढ्यात एवारिस्तो त्या फडक्याच्या गुडघ्यावर उडाला आणि डोकं घातलं. गोल! साहेबलोकहो, असा माणूस तुमच्या कागदावर फक्त एक नंबर असतो. तेपालकोत त्या आठवड्यात जन्मलेल्या चार पोरांची नावं एवारिस्तो ठेवली. त्यांतली एक मुलगी आहे.

उपांत्य फेरीही मारली. आल्फारेरोस अंतिम फेरीत! बायका भट्ट्या सोडून रस्त्यात नाचल्या. एर्मिनियाही नाचली. जुलैतलं हसणं तिने सपशेल मागे घेतलं, नवऱ्याची माफी मागितली आणि पोरांसाठी मेणबत्ती लावली. तिला कसली काळजी नव्हती. पहिला सामना गुरुवारी आपल्या मैदानात, दुसरा रविवारी राजधानीत.

"शनिवार निन्यितोचा, रविवार आल्फारेरोसचा," ती ओतिलियाला म्हणाली, "असं वेळापत्रक खुद्द पोपलासुद्धा जमणार नाही!"

सोमवारी दुपारी फिदेन्सिओ घरात आला आणि पाणी न पिता बसला.

"म्हाताऱ्या, तोंड का असं भट्टीत फुटलेल्या मडक्यासारखं?"

"काही नाही."

"कोण गेलं?"

"कोणी नाही. रविवार गेला."

राजधानीच्या मैदानात रविवारी कुणा गायिकेचा कार्यक्रम होता. मंच बांधायचा होता, दिवे टांगायचे होते. म्हणून पहिला सामना बुधवारी आणि दुसरा शनिवारी संध्याकाळी पाच वाजता! हीच ती तुमची ओळ, साहेब!

मंगळवारी सकाळी बँडवाला दारात उभा. "दोन्या एर्मिनिया, ट्रम्पेटवाला म्हणतो, शनिवारी त्याचे ओठ थरथरतील. त्याला फक्त सामन्याच्या आधी वाजवता येईल."

"आणि मिरवणुकीत?"

"मिरवणुकीत तो टीव्हीसमोर असेल."

मग दारूकामवाला आला. अग्निबाण उडवीन म्हणाला, पण फक्त गोल झाला तर. मग नाचणारे आले. मग मूर्तीवर छत्री धरणाऱ्या चारही बायका एकदम आल्या आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. तीनशे माणसांचं मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, शिजणार होतं, चार दिवसांपासून मिरच्या भाजून गल्लीभर खोकला पसरला होता, आणि निन्यितोला घरी सोडायला उरली कोण, तर एर्मिनिया आणि तिचा कुत्रा!

ती तशीच मायोर्दोमोकडे गेली. दॉन क्रिसोफोरो म्हणजे सरळ पाठीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. हसताना त्याला कुणी पाहिलेलं नाही, पण निन्यितोच्या झग्याची इस्त्री तो स्वतः करतो.

"दॉन क्रिसोफोरो, माझा शनिवार बदलून द्या."

त्याने नावांची वही काढली, चष्मा लावला, पानं उलटली. बराच वेळ उलटली.

"आहे एक रिकामा."

"देव भलं करो! कधी?"

"दोन हजार एकसष्ट."

"दॉन क्रिसोफोरो, मी तेव्हा नव्व्याण्णव वर्षांची असेन!"

"तब्येत सांभाळा," तो म्हणाला आणि वही मिटली.

दुसरी बाई असती तर रडत घरी गेली असती. एर्मिनिया वाटेत एकदाच थांबली, पदरासारखी शाल खोचली आणि वळून परत आली. "मग सामनाच माझ्या घरी येईल! निन्यितोसमोर टीव्ही लावला तर चालेल का?"

मायोर्दोमोने मिशीला हात लावला. चारशे वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "सामना संपेपर्यंत निन्यितो थांबेल. पण तीन अटी. टीव्हीचा आवाज बंद. फोन दारातल्या टोपलीत. आणि निन्यितोकडे कुणी पाठ करायची नाही."

टीव्ही ओतिलियाच्या दुकानातून आला, दरवाज्याएवढा. तिला फुटबॉलशी देणंघेणं नव्हतं. "मी तो लावलाय, गिऱ्हाईक मान वर करून जेवावं म्हणून. वाडग्यातलं मांस मोजत नाहीत!"

आता तो ठेवायचा कुठे? निन्यितोच्या समोर ठेवला तर टीव्ही बघणाऱ्यांची पाठ निन्यितोकडे. मागे ठेवला तर सगळ्यांना दिसेल, पण...

"पण निन्यितोला कसं दिसणार?" फिदेन्सिओ कळवळला. "तो बिचारा आमची तोंडं बघून निकाल ओळखणार का?"

शुक्रवारभर अंगणात हा खल चालला. शेवटी एर्मिनियानेच गाठ सोडवली. निन्यितोची खुर्ची सगळ्यांच्या पुढे, टीव्हीकडे तोंड करून. बाकी सगळे त्याच्या मागे! पहिल्या रांगेत देव, दुसऱ्या रांगेपासून तेपालको. मायोर्दोमोने अंगणाच्या चारही कोपऱ्यांत उभं राहून पाहिलं. कुणाचीच पाठ निन्यितोकडे होत नव्हती. "चालेल," तो म्हणाला. मग खुर्ची वीतभर मागे सरकवली. "डोळ्यांना त्रास नको."

बुधवारी आपण एक-शून्य हरलो होतो, ते सांगायचं राहिलं. सांगावंसं वाटत नाही म्हणून राहिलं.

शनिवारी सकाळी निन्यितो आला. आणि त्याच्या मागे तीनशे नव्हे, दोन हजार माणसं आली! 'निन्यितो एर्मिनियाकडे फायनल बघणार' ही बातमी गल्ल्यागल्ल्यांतून पसरली होती. चौकात नगरपालिकेने लावलेल्या मोठ्या पडद्यासमोर एक पोलीस आणि दोन कबुतरं उरली. माणसं कुंपणावर, छपरावर, भट्टीवर, पाण्याच्या टाकीवर. पण तेपालको काय चीज आहे बघा! प्रत्येकाने आपली खुर्ची आणली, आपलं ताट आणलं. बायकांनी घरून तामाल्यांची, म्हणजे मक्याच्या पानांत उकडलेल्या पिठाच्या वड्यांची, पातेली आणली आणि कुणी न सांगता चुलीपाशी बसल्या. दोन हजार माणसं जेवली आणि एकही उपाशी उठला नाही. एर्मिनिया दारात उभी राहून बघत होती. एकोणीस वर्षांत तिने या दिवसाची नाना चित्रं रंगवली होती, पण एवढं मोठं चित्र रंगवायची तिची छाती झाली नव्हती.

पाचला सामना सुरू झाला. आवाज बंद, म्हणून समालोचन कोण करणार? अर्थात प्रोफेसर! फिदेन्सिओने कर्णा तोंडाला लावला.

"चेंडू आपल्याकडे! चेंडू त्यांच्याकडे! अरे गाढवा! माफ कर निन्यितो, तो त्यांचा गाढव!"

एकाहत्तराव्या मिनिटाला एवारिस्तोने तीन जणांना चकवलं. फडकं सुटलं, मागे शेपटीसारखं लोंबत राहिलं, तो तसाच धावला आणि मारला! गोल! अग्निबाण सुटले. पाण्याच्या टाकीवरचे चार जण टाकीत पडले आणि टाकीतूनच ओरडत राहिले. बेरीज एक-एक!

"शांत! शांत!" कर्णा गरजला. "विसरू नका! आपण आठवे, ते दुसरे! बरोबरी म्हणजे बाहेर! अजून एक पाहिजे!"

दोन हजार तोंडं एकदम मिटली. बरोबर. अजून एक पाहिजे. वीस मिनिटं तेपालकोने श्वास घेतला नाही. तो एक काही आला नाही. पंचाने शिटी वाजवली.

टीव्हीवर आपली पोरं गवतावर आडवी झाली. कुणी त्यांच्या पोटऱ्या चोळत होतं, कुणी पाणी पाजत होतं.

"बघा," कर्ण्यातून रडका आवाज आला, "लेकरं उठू शकत नाहीत दुःखाने."

"आणि ते दुसरे का नाचत नाहीत?" टाकीतून कुणीतरी विचारलं.

"सभ्य माणसं आहेत. हरलेल्यासमोर नाचत नाहीत." फिदेन्सिओने टोपी काढली, टीव्हीजवळ गेला आणि स्वतःच्या हाताने तार उपटली. "दुसऱ्याच्या लग्नात आपण कशाला नाचायचं?"

अंगणात हुंदके उठले. पाचव्यांदा! न हरता, पाचव्यांदा! मायोर्दोमोने घड्याळ पाहिलं, निन्यितोला उचलायची वेळ कधीच टळून गेली होती. तो नाक पुसत म्हणाला, "निघू या."

एर्मिनियाने सगळ्यांकडे पाहिलं. निन्यितो तिच्या घरातून जाणार आणि गाव मयतीला चालल्यासारखं चालणार? याचसाठी एकोणीस वर्षं? ती ओट्यावर चढली.

"ऐका! त्या पोरांनी शेवटच्या शिटीपर्यंत हार मानली नाही. तुम्ही माझ्या दारातच मानता? रडायचं तर खुशाल रडा, पण सुरात रडा! ट्रम्पेटवाला कुठाय? ओठ थरथरतायत ना? थरथरत वाजव!"

आणि तो वाजवू लागला. साहेबलोकहो, तुम्ही ते ऐकायला हवं होतं! दोन हजार माणसं मेणबत्त्या धरून निघाली, सगळ्यात पुढे छत्रीखाली निन्यितो. गाणं आधी रडकं होतं, मग भरलं, मग टेकड्यांवरून परत येऊ लागलं. कुणी एवारिस्तोचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी टोप्या काढल्या. हरलेल्या संघाला असा मान कुठे मिळतो ते मला दाखवा! मायोर्दोमो एर्मिनियाजवळ येऊन पुटपुटला, "दोन्या, अशी मिरवणूक माझ्या आजोबांनीही पाहिली नसेल." तिने आपल्या मेणबत्तीने त्याची विझलेली मेणबत्ती पेटवली.

इकडे घरी ओतिलिया एकटी पातेली घासत होती. अचानक अंगणात गुणगुण सुरू झाली. तिला वाटलं मधमाश्या. दिवा घेऊन बघते तर दारातली टोपली! गावाचे फोन दुःखात तिथेच राहिले होते आणि सगळे एकदम थरथरत होते, टोपली जमिनीवरून चालू लागली होती. तिने वरचा उचलला. एर्मिनियाचाच होता. शिकागोहून लुर्देस.

"आई! तुम्ही सगळे मेलात का? कुणीच फोन का उचलत नाही? जिंकलो!"

"मी तुझी धर्ममाता बोलतेय. काय जिंकलो?"

"फायनल! जादा वेळ, मग पेनल्टी! चार-तीन! बघितलं नाहीत?"

ओतिलियाने लुर्देसकडून सगळं तीनदा वदवून घेतलं आणि मग धावली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात घासायचा राहिलेला डाव. मिरवणूक मायोर्दोमोच्या दारात पोहोचली तेव्हा तिने शेपूट गाठलं.

"थांबा! थांबा रे गाढवांनो!"

"टीव्ही जागेवर आहे, ओतिलिया!" फिदेन्सिओ घाबरून म्हणाला. तो शेवटी चालत होता, कर्णा छातीशी धरून. "मी फक्त तार काढली!"

"टीव्ही गेला खड्ड्यात! अंतिम सामन्यात तुमचा तो क्रमांक चालतच नाही! बरोबरी झाली की जादा वेळ खेळतात, मग पेनल्टी मारतात! आपण चॅम्पियन आहोत! चॅम्पियन! तुम्ही तार उपटली तेव्हा पोरं पाणी पीत होती!"

दोन हजार माणसं एकदम मागे वळली आणि फिदेन्सिओकडे बघू लागली. बँड वळला, छत्रीवाल्या चारही बायका वळल्या, खुद्द मायोर्दोमो वळला. चारशे वर्षांत पहिल्यांदा सगळ्या तेपालकोची पाठ निन्यितोकडे झाली!

फिदेन्सिओने कर्णा हळूच तोंडाला लावला. "आपण... याआधी कधी इथवर आलोच नव्हतो," तो म्हणाला.

आणि मग जो आवाज उठला त्याचं वर्णन माझ्याच्याने होणार नाही. फिदेन्सिओला मारायला धावलेल्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, कारण खरंच, तिथवर कुणीच कधी आलं नव्हतं. एर्मिनियाने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं आणि ते पाच मिनिटं पाळलं.

पेनल्टी नंतर सगळ्यांनी फोनवर पाहिल्या. पण निकाल ठाऊक असताना पाहिलेली पेनल्टी म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला ऊस! सोमवारी संघ चषक घेऊन निन्यितोच्या पाया पडायला आला, तेव्हा एर्मिनिया एवारिस्तोसमोर उभी राहिली. "बाळा, आम्ही काही पाहिलं नाही. परत मारून दाखव."

असल्या बाईला नाही कोण म्हणणार? चौकात दोन रांजण ठेवून गोल केला. सगळं गाव गोळा झालं. पोरांनी तशाच रांगेने, तशाच क्रमाने पेनल्टी मारल्या. समोरच्या संघाच्या जागी आमचे बेकरीवाले उभे राहिले. एवारिस्तोने गुडघ्याचं फडकं घट्ट केलं, सात पावलं मागे गेला, धावला आणि चेंडू थेट देवळाच्या घंटेवर! घंटा वाजली. बेकरीवाले पाच-चारने जिंकले.

तर साहेबलोकहो, आमचा संघ जिंकला ते आम्ही पाहिलं नाही, आणि डोळ्यांनी पाहिलं ते बेकरीवाल्यांकडून हरणं! गायिकेच्या कार्यक्रमासाठी तुम्हाला शनिवार हलवता आला. मग त्याच फर्मानाच्या खाली 'अंतिम सामन्यात बरोबरी म्हणजे बाहेर नव्हे' ही एवढीशी ओळ टाकायला तुमचा हात का झडला होता? दोन्या एर्मिनिया दारात खुर्ची टाकून बसली आहे. बोला! उत्तर द्या!